विश्लेषण : दुभंगलेले पाते, बिजागरी, माशाची शेपटी... स्कूबाचे ‘हटके’ फिन्स पैसे वसूल करतात का?

मालवण, तारकर्लीची सहल झाली की अनेकांच्या मोबाइलवर स्कूबाच्या साहित्याच्या जाहिराती झळकू लागतात. त्यात सर्वात लक्षवेधी असतात ते विचित्र आकाराचे फिन्स. ‘30 टक्के जास्त वेग’, ‘निम्मे श्रम’, ‘हवा कमी लागते’ असे दावे त्यात केलेले असतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ग्राहकाने या दाव्यांकडे कसे पाहावे? आणि जिल्ह्यातल्या धरणांत शोधकार्य करणाऱ्या पथकांनी असे साहित्य घेताना काय तपासावे?

फिन्स म्हणजे काय आणि ते लागतातच का?

फिन्स म्हणजे पोहताना पायात घालायचे लांब, लवचिक पाते. बेडकाच्या पायाच्या बोटांमध्ये पडदा असतो, त्याचाच हा मोठा अवतार. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला हातांनी पाणी मागे लोटायची सवय असते. स्कूबात हातांचा उपयोग पुढे जाण्यासाठी जवळपास होत नाही. हात शांत ठेवायचे आणि सगळा जोर पायांतून काढायचा, हे पहिल्या धड्यात शिकवतात. पाठीवर सिलिंडर, अंगात जॅकेट, कमरेला वजन असा सगळा सरंजाम नुसत्या तळपायांनी ढकलणे अवघड असते. म्हणून फिन्स लागतात.

त्यांचे काम साधे आहे. पाते पाणी मागे ढकलते, त्याची प्रतिक्रिया म्हणून शरीर पुढे जाते. मात्र पाते किती रुंद, किती कडक, किती लांब यावर पायाला लागणारा जोर बदलतो. सायकलच्या गिअरसारखेच हे गणित आहे. राजूर घाट चढताना जड गिअर टाकला तर एका पॅडलमध्ये अंतर जास्त कापले जाते, पण मांड्या भरून येतात. हलका गिअर टाकला तर पाय भराभर फिरतात, दम मात्र टिकतो. कडक, रुंद फिन्स हा जड गिअर. मऊ फिन्स हा हलका गिअर. कोणता चांगला, हे रस्ता आणि पाय पाहूनच ठरते.

‘हटके’ फिन्स आले कुठून?

आजच्या फिन्सचा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कॉर्लियू यांनी 1933 मध्ये रबरी फिन्सचे पेटंट घेतले. अमेरिकेचे नौकापटू ओवेन चर्चिल यांनी त्यांच्याकडून परवाना घेऊन 1940 पासून अमेरिकेत फिन्स विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात नौदलांच्या पाणबुड्यांनी ते वापरले आणि युद्धानंतर ते सामान्य जलतरणपटूंपर्यंत पोहोचले.

त्यानंतर सुधारणांचा ओघ थांबलेला नाही. 1960 च्या दशकात फ्रान्सच्या जॉर्ज बुशा यांनी पात्याला आरपार खिडक्या असलेले ‘जेट फिन’ आणले. जाड रबराचे, जड असे हे फिन्स स्कूबाप्रो कंपनी आजही विकते. 1980 च्या दशकात बॉब इव्हान्स यांचे ‘फोर्स फिन’ आले. आखूड, माशाच्या शेपटीसारखे टोकाला दुभागलेले हे फिन्स पाहून कुणालाही ते खेळणे वाटावे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पीट मॅकार्थी यांच्या कल्पनेवर आधारलेले ‘स्प्लिट फिन्स’ बाजारात आले. यात पाते मधोमध उभे चिरलेले असते. पुढे पात्याच्या बुडाशी वाकणारा सांधा असलेले ‘सीविंग नोव्हा’सारखे प्रकार आले. होडीवर किंवा किनाऱ्यावर चालता यावे म्हणून पाते वर दुमडता येणारे फिन्सही निघाले.

ही यादी दोन गोष्टी सांगते. एक, विचित्र दिसणे हा दोष नाही. पाते आरपार भोकाचे असणे हेही एकेकाळी नवलाचेच होते. दुसरी, विचित्र दिसणे हा गुणही नाही. जुने जड रबरी जेट फिन्स सहा दशकांनंतरही टिकून आहेत, कारण ठराविक कामात ते भरवशाचे ठरले.

‘30 टक्के जास्त वेग’ या दाव्यात अडचण काय?

येथे थोडे गणित कामाला येते. पाण्यात पुढे जाताना होणारा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या अवरोधाविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. वेग 20 टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे 73 टक्के जास्त शक्ती लागते. 30 टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे 2.2 पट.

ही जास्तीची शक्ती दोनच ठिकाणांहून येऊ शकते. एक तर पाय जास्त राबतात, किंवा फिन्स पायांची शक्ती कमी वाया घालवतात. ‘तेवढ्याच श्रमात 30 टक्के जास्त वेग’ असा दावा असेल, तर त्या फिन्सची कार्यक्षमता जुन्याच्या दुपटीहून जास्त हवी. चांगल्या प्रतीच्या साध्या फिन्सच्या तुलनेत केवळ पात्याला चीर दिल्याने असे होते, हे मानण्याआधी भक्कम पुरावा मागायला हवा. बहुतेक जाहिरातींत तो नसतो. तुलना कोणत्या फिन्सशी केली, किती जणांनी पोहून पाहिले, किती अंतर, सिलिंडरसह की त्याशिवाय, यातले काहीच सांगितलेले नसते.

कार्यक्षमतेत मोठी उडी अशक्य आहे, असे मात्र नाही. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे ‘डार्पा’ने, ‘पॉवरस्विम’ नावाचे उपकरण विकसित करून घेतले होते. पंखासारखी पाती वरखाली हलवणारे ते उपकरण पायांना बांधायचे असते. साध्या फिन्समध्ये पोहणाऱ्याची 10 ते 15 टक्के शक्तीच पुढे जाण्याच्या कामी येते, या उपकरणात ती 80 टक्क्यांपर्यंत जाते, असे डार्पाने सांगितले होते. हा आकडा जसाच्या तसा धरला, तरी घनाच्या नियमाने वेग पावणेदोन ते दोनपटच वाढतो. शिवाय ते उपकरण लांबलचक आणि दोन्ही पाय जखडणारे. खडकांच्या कपारीत वळताना किंवा होडीच्या शिडीवर चढताना ते अडचणीचेच. आकडा मोठा असला म्हणून वस्तू सोयीची होतेच असे नाही, याचे हे उत्तम उदाहरण.

मुळात स्कूबात वेग हवा कशाला?

हौशी स्कूबामध्ये घाईचे काम नसते. हळू जाणाऱ्याला मासे, प्रवाळ जास्त दिसतात आणि हवाही जास्त पुरते. हवेचा हिशेब पाहिला की मुद्दा स्पष्ट होतो.

12 लिटरचा सिलिंडर 200 बार दाबाने भरलेला असेल, तर त्यात साधारण 2,400 लिटर हवा असते. 50 बार, म्हणजे 600 लिटर हवा राखीव ठेवायची. उरली 1,800 लिटर. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट खर्च होते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्या माणसाला तिथे मिनिटाला 40 लिटर लागते. म्हणजे 45 मिनिटे मिळतात. तोच माणूस जोरात पाय मारू लागला आणि त्याची गरज 20 वरून 30 लिटरवर गेली, तर 30 मिनिटांतच राखीव साठ्यापर्यंत येतो.

म्हणून फिन्सचा खरा प्रश्न ‘किती वेगाने नेतात’ हा नाही. ‘संथ गतीने जाताना श्वास किती शांत ठेवतात’ हा आहे. अचानक प्रवाह आला किंवा सोबत्याला ओढून आणायची वेळ आली, तर थोडा वेळ जोर देता येतो का, हा दुसरा प्रश्न. पहिल्यात मऊ आणि स्प्लिट फिन्स अनेकांना सोयीचे वाटतात. दुसऱ्यात कडक पाते वरचढ ठरते. दोन्ही बाजूंनी अव्वल असा एकच फिन मिळणे कठीण आहे.

कोणत्या प्रकाराचा फायदा काय, तोटा काय?

*स्प्लिट फिन्स :* पायावर ताण कमी येतो. गुडघे किंवा घोटा दुखणाऱ्यांना, पोटरीत लवकर गोळा येणाऱ्यांना ते आरामाचे वाटू शकतात. छोट्या, भराभर किकने ते चालतात. पण बेडकासारखे पाय मारायची ‘फ्रॉग किक’, जागच्या जागी वळणे, मागे सरकणे या हालचालींत ते ढिले पडतात. दोरी किंवा मासेमारीचे जाळे चिरेत अडकण्याची शक्यताही असते.

*आखूड, शेपटीच्या आकाराचे फिन्स :* हलके, सामानात सहज मावणारे. जागा कमी असेल तिथे सुटसुटीत. मात्र त्यांची लय वेगळी असते. साध्या फिन्सवर शिकलेल्याला पाय मारण्याची सवय बदलावी लागते.

*सांध्याचे फिन्स :* पाते योग्य कोनात वाकावे ही त्यामागची कल्पना तर्कशुद्ध आहे. पण यंत्राचा जुना नियम इथेही लागू पडतो. सांधे जितके जास्त, तितक्या झिजण्याच्या जागा जास्त.

*दुमडणारे फिन्स :* किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाणाऱ्याला किंवा शिडी चढणाऱ्याला उपयोगी. प्रश्न एकच, खटका पाण्यात आपोआप सुटला किंवा वाळू जाऊन अडकला तर? तो हातमोजे घालून, न पाहता, एका हाताने सोडवता आला पाहिजे.

*जड रबरी फिन्स :* यांत नवे काही नाही. टिकाऊ, ताकदीचे, फ्रॉग किकला उत्तम. पण ज्यांच्या पायांत जोर नाही त्यांना थकवतात आणि प्रवासात वजन वाढवतात. पाय खाली बुडण्याची सवय असलेल्याला तर आणखी त्रास.

पर्यटकाने विकत घ्यावेत का?

बहुतेकांसाठी उत्तर ‘नाही’ असेच आहे. मालवणला सुट्टीत केली जाणारी स्कूबा ही ‘अनुभव डुबकी’ असते. त्यात प्रशिक्षक पर्यटकाला धरून नेतो. पाय मारून स्वतः दिशा ठरवायची वेळच येत नाही. अशा डुबकीसाठी महागडे फिन्स नेणे म्हणजे एसटीने प्रवास करताना स्वतःचे स्टिअरिंग सोबत नेण्यासारखे आहे.

ज्यांना खरोखर शिकायचे आहे, त्यांच्यासाठी राज्य पर्यटन विकास महामंडळाची तारकर्लीतील संस्था, ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कूबा डायव्हिंग अँड ॲक्वाटिक स्पोर्ट्स’, हा राज्यातच उपलब्ध असलेला पर्याय आहे. शिकताना वेगवेगळे फिन्स वापरून पाहायची संधी मिळते. पाय कोणत्या फिन्सला सरावतात हे तिथेच कळते. जाहिरातीतून ते कळणे शक्य नाही.

खर्चाचा हिशेबही सोपा आहे. समजा, एक जोडी आयात शुल्क, कर आणि कुरिअरसह 18,000 रुपयांना पडली. वर्षाला चार डुबक्या केल्या, तर पाच वर्षांत 20. म्हणजे एका डुबकीमागे 900 रुपये, तेही फिन्स पाच वर्षे टिकले तर. वर्षाला 40 डुबक्या करणाऱ्याला तोच खर्च 90 रुपये पडतो. पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद असतो, हेही बुलढाण्याच्या माणसाने हिशेबात धरावे. घरी माळ्यावर पडून, वजनाखाली दबून पात्यांना पडलेला बाक सहजासहजी जात नाही.

एवढेच पैसे खर्च करायचे असतील तर आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्यावा. मास्कमधून पाणी झिरपले तर सगळी डुबकी वाया जाते. त्यानंतर पायाला बसणारे बूट, मग प्रशिक्षण, आणि सर्वात शेवटी फिन्स, असा क्रम शहाणपणाचा आहे.

जिल्ह्यातल्या पाण्याचे काय?

बुलढाण्याचे सर्वात प्रसिद्ध पाणी म्हणजे लोणार सरोवर. तिथे डुबकीचा विचारच नको. अतिशय अल्कधर्मी पाणी, अभयारण्याचा दर्जा आणि 2020 मध्ये मिळालेला रामसर पाणथळ स्थळाचा मान, यामुळे ते हौसेचे ठिकाण नाही.

राहिली धरणे. देऊळगाव राजाजवळचा खडकपूर्णा प्रकल्प म्हणजे संत चोखासागर, मेहकर भागातला पेनटाकळी, मोताळ्याकडचा नळगंगा, बुलढाणा शहराला पाणी देणारे येळगाव. नवे फिन्स हातात आल्यावर ते ‘पाहून घ्यायला’ यांपैकी कुठे उतरणे ही जिवावरची चूक ठरू शकते. धरणाच्या पाण्यात तळाशी गाळ असतो, बुडालेली झाडे-झुडपे असतात, मासेमारीची जाळी असतात. विहिरीत पोहणारा फिन्समुळे अचानक काठापासून लांब जातो. परत यायची ताकद मात्र पायांचीच लागते, आणि पहिल्याच दिवशी पोटरीत गोळा येण्याची शक्यता सर्वाधिक असते. एक पट्टा निसटला की माणूस एका पायावर येतो.

चाचणी करायचीच असेल तर ती जीवरक्षक असलेल्या तरण तलावात, सोबती घेऊनच करावी.

शोध व बचाव पथकांसाठी गणित वेगळे का?

जिल्ह्यात फिन्सचा सर्वात गंभीर वापर पर्यटक करत नाहीत. तो बुडालेल्यांचा शोध घेणारी पथके करतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. त्या पोहोचेपर्यंत स्थानिक पथकेच पाण्यात उतरतात. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पिंजरच्या संत गाडगेबाबा शोध व बचाव पथकासारख्या स्वयंसेवी पथकांचे नाव पश्चिम विदर्भाला परिचित आहे.

अशा पथकांना लोकवर्गणीतून, आमदार-खासदार निधीतून किंवा एखाद्या दात्याकडून साहित्य मिळते, तेव्हा ‘नवीन’, ‘आयात केलेले’, ‘वेगवान’ या शब्दांना भुलण्याचा धोका असतो. पण त्यांचे पाणी मालवणचे नाही. हिरवट, गढूळ पाण्यात हाताच्या अंतरावरचेही दिसत नाही. अशा ठिकाणी वरखाली पाय मारणाऱ्या लांब फिन्सने तळाचा गाळ उसळला, तर उरलीसुरली दृश्यताही जाते आणि शोध लांबतो. दोरीच्या खुणेवर चालणाऱ्या कामात चिरलेले पाते दोरी पकडू शकते. काठावरच्या चिखलात आणि खडकावर चालताना नाजूक सांधा मोडू शकतो.

त्यांच्यासाठी निकष असे हवेत : पाते चिरलेले नसावे, फार लांब नसावे. पट्टा जाड, शक्यतो स्प्रिंगचा असावा आणि हातमोज्यांसह काढता-घालता यावा. बूट घालून चालणारे असावेत, म्हणजे एकच जोडी वेगवेगळ्या मापाच्या सदस्यांना चालते. सुटे पट्टे देशात मिळत असावेत. एका भारी जोडीऐवजी साध्या, मजबूत तीन जोड्या आल्या, तर पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पायात काहीतरी भरवशाचे असेल. बचाव साहित्याच्या खरेदीत ‘सर्वात नवे’ याला गुण देण्याऐवजी ‘सर्वात कमी बिघडणारे’ याला गुण द्यायला हवेत.

स्वतः चाचणी कशी करावी?

प्रयोगशाळा लागत नाही. 25 मीटरचा तरण तलाव, एक घड्याळ, एक सोबती आणि दोन जोड्या फिन्स पुरेत.

1. नवे आणि जुने फिन्स ‘जुने, नवे, नवे, जुने’ या क्रमाने वापरावेत. एकच क्रम ठेवला तर थकव्याचा सगळा भार एकाच जोडीवर येतो आणि निकाल फसवा निघतो.

2. प्रत्येक वेळी 100 मीटर अंतर नेहमीच्या संथ गतीने पोहावे. वेळ, किकची संख्या आणि संपल्यावर लगेच नाडीचे ठोके सोबत्याने नोंदवावेत. वेळ सारखी येऊन ठोके कमी आले, तर फिन्स खरोखर श्रम वाचवतात. वेळ कमी आणि ठोके जास्त आले, तर वेग फिन्सने नाही, पायांनी दिला.

3. स्प्लिट फिन्स असतील तर चीर जलरोधक चिकटपट्टीने बंद करून हीच चाचणी पुन्हा करावी. आकडे बदलले नाहीत, तर फायदा चिरेचा नसून पात्याच्या मऊपणाचा आहे. मग तसाच मऊ, साधा आणि स्वस्त फिनही चालेल.

4. जागच्या जागी पूर्ण वळून पाहावे. दोन मीटर मागे सरकून पाहावे. फ्रॉग किक मारावी. हे जमत नसेल तर वेगाचा आकडा बाजूला ठेवावा.

5. डोळे मिटून, एका हाताने फिन काढावा आणि पुन्हा घालावा. मग शिडी चढावी.

6. किमान 40 मिनिटे पायात ठेवावेत. टाचेला फोड, बोटांना मुंग्या किंवा तळपायात कळ आली, तर माप किंवा साचा चुकला आहे.

सिलिंडर लावून हवेच्या खर्चाची चाचणी करायची असेल, तर ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी.

आपण नवीन वस्तूवर पैसे खर्च केले आहेत, हे मनाला माहीत असते. त्यामुळे ‘हलके वाटले’, ‘भारी वाटले’ या शब्दांवर विसंबू नये. नोंदलेल्या आकड्यांना पावतीची भीड नसते. म्हणूनच शक्य असेल तर ही चाचणी विकत घेण्याआधी, भाड्याने किंवा उसन्या जोडीवर करावी.

मग नव्याला संधीच द्यायची नाही का?

तसे नाही. ज्याचे गुडघे साध्या फिन्सने दुखतात आणि मऊ, स्प्लिट फिन्सने दुखत नाहीत, त्याच्यासाठी ते पैसे योग्यच आहेत. आकाराची थट्टा करून कुणाची सोय नाकारण्यात अर्थ नाही. सतत प्रवास करणाऱ्याला आखूड, हलका फिन सोयीचा वाटला, तर तोही विचार बरोबर आहे. दोन्ही उदाहरणांत आधी अडचण ठरली आणि मग वस्तू निवडली. जाहिरात नेमके उलटे करते. ती आधी वस्तू दाखवते आणि मग ग्राहकाला अडचण शोधायला लावते.

स्वतःची नेमकी अडचण एका वाक्यात सांगता येते का? त्या अडचणीवर हा फिन उपाय आहे, हे 100 मीटरच्या चाचणीत दिसले का? आणि पट्टा तुटला तर दुसरा आठवडाभरात मिळेल का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर आकार कितीही विचित्र असो, घ्यायला हरकत नाही. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पैसे प्रशिक्षणाच्या शुल्कासाठी ठेवलेले बरे. पाय नीट मारायला शिकलेला माणूस साध्या फिन्सवरही शांतपणे तरंगतो. न शिकलेल्याला सर्वात महागडे फिन्सही लवकर थकवण्यापलीकडे काही देत नाहीत.